बाटलीवर गावाचं नाव

(यवतमाळ येथील जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर विषय वाचून समोरच्या रांगेतल्या बहिणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या मला इथून दिसल्या. ज्या जिल्ह्यात बायांनी गावोगाव बाटली आडवी करण्यासाठी मतदान मागितलं, मोर्चे काढले, तिथं वाइन कोणती चांगली हे सांगायला हा माणूस उभा राहतो म्हणजे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो, मग पुढं जातो.

२७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू द्यायची. कशासाठी? तर शेतकऱ्याच्या भल्यासाठी. विरोध झाला, तो निर्णय अंमलात आला नाही, पण एक वाक्य मागं राहिलं: "वाइन म्हणजे दारू नाही, ते शेतकऱ्याचं उत्पन्न आहे." तेव्हापासून गावात बसलो की कोणीतरी विचारतंच, भाऊ, हे खरं काय? पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला लागली, सुट्टीत येताना बाटली आणतात, हजार रुपयांची. बाप विचारतो, हजाराचं यात आहे काय? दोन्ही प्रश्न चांगले आहेत. मालाची पारख करता आली पाहिजे, मग तो आपण घेवो की न घेवो. मी कोणाला प्या म्हणत नाही. जो पीत नाही त्यानं सुरू करावी असं या विषयात काहीही नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. वाइन ही दारूच आहे. बाटलीवर छापलेलं असतं, १२ ते १४ टक्के मद्यार्क. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. फरक आहे, पण तो प्रमाणाचा आहे. अख्खी बाटली एकट्यानं संपवली तर नव्वद मिलीचे अडीच पेग व्हिस्की पोटात गेली एवढाच मद्यार्क जातो. ती औषध आहे, हृदयाला चांगली आहे, असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. आणि ज्या घरात दारूनं आधीच वाट लावली आहे तिथं सौम्य म्हणून ती शिरू देऊ नका. एवढं बोलून मी बहिणींची परवानगी घेतली असं समजतो.

आता माल बघू.

तुमच्यातल्या प्रत्येकानं यवतमाळ, पुसद, वणीला "वाइन शॉप" अशी पाटी वाचली आहे. आत व्हिस्की, रम, बिअर. वाइन असते कोपऱ्यात, धूळ खात, वरच्या फळीवर, पंख्याची हवाही न लागणाऱ्या जागी. नाव वाइनचं आणि धंदा दुसऱ्याचा. ज्या दुकानात गिऱ्हाइकच मागत नाही, तिथं तो माल किती दिवसांपासून उभा आहे हे दुकानदारालाही आठवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

वाइन होते कशी? द्राक्ष ठेचायचं, रस आंबू द्यायचा, बस. साखरेचा मद्यार्क होतो. त्यात पाणी नाही, वरून साखर नाही, ऊर्ध्वपातन नाही. म्हणून जे द्राक्षात नाही ते बाटलीत येत नाही. इथंच कृषी पदवीधराला गोडी वाटते. आपण बाजारात खातो ते थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश. बिनबियांचं, मोठ्या मण्याचं, पातळ सालीचं. वाइनचं द्राक्ष बारीक मण्याचं, बियांचं, जाड सालीचं. खाल्लं तर थुंकाल. पण रंग, तुरटपणा आणि वास सगळा सालीत असतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरी आधी रस पिळून थंड टाकीत.

नाशिककडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. गोडी छाटणीतून फळ येतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत, थंड रात्रीत ते पिकतं. युरोपात द्राक्ष सप्टेंबरला तोडतात, आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोडणी साखरेवर ठरते. ब्रिक्समापकावर साधारण २२ ते २४ आलं की तोडा. आणि मुख्य गोष्ट: एकरी जितकं जास्त काढाल तितकी वाइन पातळ होते. चांगल्या वाइनसाठी घड विरळावे लागतात. उत्पादन कमी ठेवून भाव वाढवून घ्यायचा, हे आपल्या कानाला उलटं वाटतं. आपल्याला तीस वर्षं क्विंटल वाढवायला शिकवलं. माझ्याच शाळेतल्या लोकांनी शिकवलं.

आता कोणाची वाइन घ्यावी. थोडा इतिहास सांगतो, कारण त्याच्याशिवाय नावं कळणार नाहीत.

महाराष्ट्रात आजच्या पद्धतीची वाइन आधी केली ती नारायणगावला, शामराव चौगुल्यांनी, १९८० च्या दशकात, फ्रान्सचे तंत्रज्ञ आणून. त्यांची फेसाळणारी वाइन "ओमर खय्याम" नावानं परदेशात विकली गेली. पुणे जिल्ह्यातल्या द्राक्षाची बाटली इंग्लंडात उघडली गेली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर कर्नाटकात नंदी हिल्सला कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच जाती लावल्या आणि १९९० च्या दशकात बोर्दोचा नावाजलेला जाणकार मिशेल रोलाँ याला सल्लागार आणलं. आणि नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस, कॅलिफोर्नियात नोकरी, ती सोडून घरच्या जमिनीवर परत. आंबा, गुलाब, द्राक्ष करून बघितलं, मग १९९७ च्या सुमारास शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियों ब्लाँ या जाती लावल्या. २००० साली "सुला"ची पहिली बाटली बाजारात आली.

सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाइनला उत्पादन शुल्क माफ, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क. मग काय, ज्याच्याकडे द्राक्ष त्याच्याकडे वायनरी. शेतकऱ्यांनी थॉमसन तोडून वाइनच्या जाती लावल्या, करार केले. २००८ ला जगात मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या, माल उठेना. नारायणगावची ती जुनी कंपनी कर्जात सापडली आणि पुढं बंद पडली. कितीतरी लहान वायनऱ्यांना कुलूप लागलं, आणि वाइनच्या द्राक्षाला खाणारं गिऱ्हाईक नसतं. ते बाजार समितीत नेता येत नाही. लोकांनी वेली उपटल्या. "वाइन म्हणजे शेतकऱ्याचं भलं" म्हणणाऱ्यानं ही दोन-तीन वर्षंही सांगावीत.

त्या चाळणीतून जे राहिले ते आजचे उत्पादक. त्यांच्यातून मी काय उचलीन ते सांगतो. किमती महाराष्ट्रातल्या आहेत, ढोबळ आहेत, वर्षागणिक हलतात.

हजाराच्या आसपास पहिली बाटली घ्यायची तर सुलाची शेनिन ब्लाँ. पांढरी, किंचित गोडसर, आंबट-गोड पेरूसारखा वास. जाणकार लोक तिच्याकडे नाक मुरडतात कारण ती सगळीकडे मिळते. सगळीकडे मिळते हाच आपल्याकडे तिचा गुण आहे: माल उठतो, म्हणून ताजा असतो. आणि आपल्या तिखटाला ती चालते. हे समजून घ्या. सावजी मटण नाहीतर ठेच्यासोबत भारी लाल वाइन घेतली तर तुरटपणा आणि मद्यार्क मिळून तिखट दुप्पट लागतं, तोंड भाजतं. किंचित गोड पांढरी थंड करून घेतली तर तिखट उतरतं. वांग्याच्या भरताला, पिठलं-भाकरीला तीच. लोकांना वाटतं लाल म्हणजे खरी वाइन आणि पांढरी बायकांची. हा खुळेपणा आहे, आणि यवतमाळच्या उन्हाळ्यात तर महागाचा खुळेपणा आहे.

लाल घ्यायची तर माझं मत अकलूजच्या बाजूला. सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका, कमी पावसाचा मुलूख, तुमच्याआमच्यासारखाच आभाळाकडे बघणारा, फक्त कालव्याचं पाणी आलेला. तिथं "फ्रातेल्ली". इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून काढलेली. २००७ च्या सुमारास कलमं परदेशातून आणली, इटलीचा पिएरो मासी हा वाइनकार बसवला. त्यांची सांजोव्हेसे जातीची साधी लाल बाटली किमतीच्या मानानं फार चांगली. वरची "सेत्ते" दोन हजारांच्या आसपास जाते, ती सांजोव्हेसे आणि कॅबर्ने यांचं मिश्रण, ओकच्या पिंपात ठेवलेली. कोणाला भेट द्यायची, साहेबाच्या निवृत्तीला, पोराच्या परदेशी मित्राला, तर ती द्या. लाज वाटणार नाही.

दीड-दोन हजारांत ग्रोव्हरची "ला रिझर्व्ह" ही जुनी भरवशाची. सुलाची "दिंडोरी रिझर्व्ह शिराझ" तिच्यापेक्षा स्वस्त, आणि माझ्या मते पैशाला जास्त माल देते. हिच्या नावातच तालुका आहे, त्याकडे मी परत येतो. यॉर्कची "आरोस" नाशिकची, चांगली. ती कंपनी २०२१ मध्ये सुलानं घेतली. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची "रेव्हेइलो" आहे, इटलीच्या नेरो दाव्होला, ग्रिल्लो अशा जाती लावलेली. घर शेतकऱ्याचं, द्राक्ष घरचं, बाटली घरची. आपल्याकडे मिळणं कठीण, नाशिकला गेलात तर विचारा.

फेस येणारी हवी असेल, लग्नाच्या स्वागताला वगैरे, तर फ्रान्सच्या मोठ्या कंपनीनं दिंडोरीला काढलेली "शाँदों" घ्या. तीच कंपनी फ्रान्समध्ये शँपेन करते. तिची फ्रान्सची बाटली जितक्याला पडते त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ही पडते, आणि द्राक्ष नाशिकचं. ज्याला दिसण्यापुरती फोडून टाकायची आहे त्यानं ही पण घेऊ नये. सोडा आणावा.

काय घेऊ नये तेही सांगतो. स्वस्तातली गोड "पोर्ट". खरी पोर्ट पोर्तुगालच्या दुरो नदीच्या खोऱ्यात होते, आपल्याकडे त्या नावानं बहुतेक जे मिळतं ते गोडवा घातलेलं लाल पेय. गोडव्याखाली वाईट द्राक्ष सहज लपतं, जसं पाणी मारलेल्या कापसात ओलावा लपतो. आणि दुसरं, हजाराच्या आतली परदेशी बाटली. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं जबर आयात शुल्क राहिलं, कित्येक वर्षं १५० टक्के. वरून वाहतूक, दलाली, राज्याचा कर. सगळं वजा करा. त्या बाटलीतली वाइन तिच्या देशात पाण्याच्या भावाची असणार. त्याच पैशात नाशिकचा चांगला माल येतो.

आता बाटली निवडताना बघायचं काय? समोरची सोनेरी अक्षरं सोडा, बाटली फिरवा. द्राक्षाची जात लिहिली आहे का? कोणत्या सालची? कुठल्या भागातलं द्राक्ष, बाटली कुठं भरली? पांढरी असेल तर साल दोन वर्षांच्या आतलं हवं. चांगली लाल पाच-सहा वर्षं टिकते, पण ती थंड ठेवली तर. यवतमाळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. अशा दोन उन्हाळ्यांत वरच्या फळीवर उभी राहिलेली बाटली, कोणाचीही असो, शिजलेली असते. चव फुटलेल्या जांभळाच्या मुरंब्यासारखी लागते. म्हणून दुकानदाराला म्हणा, खालच्या खोक्यातली दे. बूच मळसूत्री असेल तर कमी दर्जाची समजू नका, सुलासारखे मोठे लोक मुद्दाम तसंच लावतात, वाइन टिकते. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यानंतर भाजीत घाला नाहीतर फेकून द्या. आणि कळंबच्या पुढं वर्ध्याच्या पाहुण्याकडे घेऊन जाऊ नका. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, वाइन त्यात सुटत नाही.

हे झालं विकत घेणाऱ्याचं. आता मुद्द्यावर येतो. बाटलीवर गाव, जात आणि साल लिहायची पद्धत आली कुठून? कंपन्यांना सुचली म्हणून आली नाही. ती शेतकऱ्यांच्या आंदोलनातून आली.

फ्रान्सच्या दक्षिणेला लांगदॉक नावाचा प्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या वेली मुळातून खाल्ल्या. अमेरिकी वेलीच्या मुळावर फ्रेंच कलम बांधून बागा पुन्हा उभ्या केल्या. नाशिकला आज डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतात, तीच युक्ती. बागा उभ्या राहिल्या, कर्ज डोक्यावर, आणि भाव कोसळला. का? कारण मध्यल्या काळात व्यापाऱ्यांना साखर आणि पाण्याची वाइन करायची सवय लागली होती. त्यात बाहेरचा माल. खरं द्राक्ष पिकवणाऱ्याची वाइन गटारात ओतायची वेळ आली.

आर्जेलिए नावाच्या गावात मार्सेलँ आल्बेर नावाचा लहान शेतकरी होता, कॅफेही चालवायचा. ११ मार्च १९०७ ला तो ८७ लोकांना घेऊन नार्बोन शहरात चालत गेला, चौकशी समितीपुढं गाऱ्हाणं मांडायला. मग दर रविवारी सभा. ८७ चे हजार झाले, हजाराचे लाख. ९ जून १९०७ ला माँपेलिए शहरात लोक जमले ते पाच लाखांच्या वर मोजले गेले. गावोगावच्या नगराध्यक्षांनी राजीनामे दिले, लोकांनी कर भरणं थांबवलं. सरकारनं फौज पाठवली, नार्बोनला गोळीबार झाला, माणसं मेली. आणि सतराव्या पलटणीतल्या शेकडो जवानांनी बंड केलं, कारण ते त्याच गावांतले पोरगे होते, समोर त्यांचे बाप उभे होते.

आल्बेरचं पुढं काय झालं ते आपल्यासारख्या लोकांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे. तो लपतछपत पॅरिसला पंतप्रधान क्लेमान्सोला भेटायला गेला. क्लेमान्सोनं गोड बोलून त्याला परत पाठवलं आणि गाडीखर्चाला शंभर फ्रँकची नोट हातात दिली. भोळ्या माणसानं घेतली. दुसऱ्या दिवशी ही बातमी पेपरात. पुढारी शंभर फ्रँकला विकला गेला म्हणून आपल्याच लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. पण जून संपायच्या आत कायदा झाला. साखर घालून वाइन करणाऱ्यावर बंधनं आली, कोणी किती वाइन केली हे जाहीर करणं सक्तीचं झालं. १९११ ला शँपेन भागातले शेतकरी उठले, बाहेरचं द्राक्ष आणून आमच्या गावाचं नाव लावू नका म्हणून. १९३५ ला गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणून आज बोर्दो म्हटलं की बोर्दोच. आपल्याकडेही "नाशिक व्हॅली वाइन" याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आता आपल्याकडे वळा. कापसाला गावाचं नाव ही आपल्याला नवी गोष्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या बाजारात "हिंगणघाट" नावाचा वेगळा भाव निघत होता. इथून शंभर किलोमीटरच्या आतलं गाव. आपल्या वऱ्हाडातल्या बनी जातीचा तो लांब धाग्याचा कापूस, आणि "उमरावती" हे वऱ्हाडच्या कापसाचं नाव. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला, आपल्या मालाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी भेसळ आली. १८६३ मध्येच मुंबई सरकारला कापसाच्या फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. पण बनीच्या जागी एकरी जास्त देणारा आखूड धाग्याचा जरी कापूस पसरला, व्यापाऱ्यानं दोन्ही एकत्र दाबले, आणि "उमरा" म्हणजे मध्य हिंदुस्थानातला कोणताही आखूड कापूस असा अर्थ होऊन बसला. नाव गेलं, नावाबरोबर वरचा भाव गेला. १९२५ च्या कायद्यानं गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर आला. शेतकऱ्याचं गाव आलं नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत तर सगळा माल प्रतवारीच्या ढिगात गेला, राळेगावचा कुठला आणि घाटंजीचा कुठला हे विचारायला जागा नव्हती.

एक हिशेब मांडतो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं. कराराचा भाव किलोला पन्नास रुपये धरा. साठ-बासष्ट रुपयांचं द्राक्ष, बाटली नऊशेची. आता तुमच्या अंगातला सुती शर्ट घ्या. वाया जाणारं धरून त्याला पाव किलोच्या थोडी वर रुई लागते. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर आठशे ग्रॅम कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. म्हणजे साठ रुपये. शर्ट दुकानात नऊशेला.

साठ तिकडे, साठ इकडे! वाइननं शेतकऱ्याचं सोनं होतं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा. कराराचा द्राक्षवाला तुमच्यापेक्षा फार वेगळ्या ठिकाणी उभा नाही. त्याच्या एकरी खर्चाकडे बघाल तर हेवा वाटणार नाही. वेगळ्या ठिकाणी उभा आहे तो कुंदेवाडीचा पाटील, अकलूजचा मोहिते, ज्याची बाटली त्याच्या नावाची. पण एक गोष्ट कराराच्या द्राक्षवाल्यालाही मिळते जी आपल्याला मिळत नाही. त्याची शिराझ शिराझ म्हणून मोजली जाते, ब्रिक्स बघून मोजली जाते. तुमचा वेचणीचा पहिला कापूस आणि शेजाऱ्याचा फरदडीचा, जिनच्या अंगणात एकाच ढिगावर पडतो.

२००७ ला धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सरकारनं अनुदान देऊ केलं, तेही काळ्या पडलेल्या ज्वारीवाल्याचं नाव पुढं करून. त्या मद्यार्काच्या कोणत्या बाटलीवर तुम्ही "ज्वारी, तालुका दारव्हा" वाचलं? गोव्याच्या काजू फेणीला २००९ ला मानांकन मिळालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला मिळालं, ती दारूसाठी नव्हे, भाकरीसाठी. आपल्या केळापूर, झरीच्या मोहफुलाला मात्र कायद्यानं पिढ्यान् पिढ्या गुन्हेगाराच्या रांगेत बसवलं. यावर स्वतंत्र बोलावं लागेल.

काही तरुण मंडळींनी विचारलं, मग आपण वाइनचं द्राक्ष लावावं का? नाही. कोरडवाहू काळ्या जमिनीत, विहिरीचा भरवसा नसताना, वायनरी चारशे किलोमीटर लांब असताना नाही. तोडलेलं द्राक्ष उन्हात काही तासांत खराब होतं. मांडव, ठिबक, औषधं, वर्षातून दोन छाटण्या. करार मोडला तर माल घरी खाता येत नाही. २००९ च्या वेली आठवा.

केंद्र सरकारनं "कस्तुरी कॉटन" नावाची खूण काढली आहे, गाठीचा माग ठेवणारी. २०२० मध्ये ती जाहीर झाली. तिच्यात देशाचं नाव आहे, राळेगावचं नाही. तरी माग ठेवायची यंत्रणा उभी राहते आहे, तिचा उपयोग करता येईल. ज्या गावांत पन्नास-साठ जण एकाच जातीचं बियाणं लावायला तयार असतील, पहिल्या दोन वेचण्या वेगळ्या ठेवतील, पोत्याऐवजी सुती चादरीत आणतील आणि एका जिनशी एका दिवसाचं बोलणं करतील, त्यांनी सभा संपल्यावर तालुकावार नावं द्यावीत. त्या दिवशीच्या गाठी वेगळ्या मोजू, धाग्याची तपासणी करून घेऊ, आणि गावाचं नाव लिहूनच गिरणीला नमुना पाठवू.